पिवळा कागद म्हणजे जुने चित्र नव्हे
आखाजीचे (खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेचे) झोके आणि गौराई रंगवलेले चित्र माळ्यावर सापडले की ‘कागद जितका पिवळा, तितके चित्र जुने आणि मोलाचे’ हा समज हमखास पुढे येतो. वास्तविक लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदातील लिग्निन हे लाकडातले नैसर्गिक द्रव्य उजेडाने लवकर पिवळे पडते, तर चिंध्यांपासून केलेला चांगला कागद शंभर वर्षांनंतरही बराच उजळ राहू शकतो. खानदेशातल्या वैशाखाच्या उन्हात वर्तमानपत्रावर वाटी पालथी घालून आठवडाभर ठेवावी. वाटीखालचा पांढुरका गोल आणि भोवतीचा पिवळसर कागद पाहिला की खात्री पटते. मोल ठरवण्याआधी रंग भिंगातून पाहावा, कारण सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर ती छपाई असते. हाती रंगवलेले चित्र मात्र ऊन येणाऱ्या भिंतीवर कधीही टांगू नये.