सस्पेन्शनमधील फेरबदल (ऑफ-रोड वाहने), गोवा

जीप, पिकअप आणि तत्सम फोर-बाय-फोर गाड्या चिखल-खडकाच्या वाटेवर नीट चालाव्यात म्हणून त्यांचे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), कॉइल स्प्रिंग, शॉकअप, शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी हलती कडी), बुश (सांध्यातले रबर) आणि अ‍ॅक्सलला धरणाऱ्या दांड्या यांत कंपनीच्या मूळ मापापेक्षा केलेला बदल. गॅरेजच्या भाषेत याला सरसकट ‘गाडी उचलणे’ म्हणतात आणि बरेचसे चुकीचे काम या नावामुळेच होते. चारही चाके जास्तीत जास्त वेळ जमिनीला टेकून ठेवणे हा सस्पेन्शनचा धर्म. साध्या डिफरन्शिअलच्या (अ‍ॅक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गाडीचे एक चाक अधांतरी झाले की तेच गरगर फिरत राहते आणि त्याच अ‍ॅक्सलवरचे, जमिनीवरचे चाक ढिम्म हलत नाही. अशा वेळी गाडी दोन इंच उंच असून काही उपयोग नसतो.

गोव्यात या कामाची गरज पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत जास्त. वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभ्याचा सडा पावसात टणकच राहतो, पण त्यावरचा तांबड्या मातीचा थर साबणासारखा होतो. वाटेत मध्येच जांभ्याची हातभर पायरी येते, पुढे व्हाळ (ओढा), व्हाळात गोटे. कुळे गावातून भगवान महावीर अभयारण्यातून दूधसागरकडे जाणारी जीपवाट ही याची सर्वांत परिचित मिसाल. त्या वाटेवर पर्यटकांच्या खासगी गाड्या सोडत नाहीत, परवाना असलेल्या स्थानिक जीपाच जातात. पाण्यातून, गोट्यांवरून दिवसामागून दिवस प्रवासी नेणाऱ्या या गाड्यांचे पाटे, बुश आणि शॉकअप किती लवकर संपतात हे कुळ्याच्या चालकाइतके कोणाला ठाऊक नसेल. दुसऱ्या टोकाला स्पर्धा आहे. मलेशियात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती २०१४ साली पहिल्यांदा गोव्यात झाली, भर पावसाळ्यात. तिथल्या गाड्या फक्त त्या खड्ड्यांसाठी बांधलेल्या असतात. त्यांची नक्कल रोज म्हापसा-पणजी करणाऱ्या गाडीवर करू नये.

गोव्यात सर्वांत जास्त होणारा बदल मात्र खेळासाठी नसतो. कुळागरातून (बागायतीतून) सुपारी, नारळ, केळी काढणारा किंवा जांभ्याचे चिरे वाहणारा माणूस पिकअपच्या मागच्या पाट्यांत एक-दोन पाटे वाढवून घेतो. माल भरल्यावर गाडी मागे बसत नाही, हे खरे. पण रिकामी परतताना हीच गाडी घाटाच्या वळणावर मागून उडते. पाटे इतके ताठ झालेले असतात की रिकाम्या वजनाला ते वाकतच नाहीत आणि मूळ शॉकअपला त्या ताठ पाट्यांची उसळी आवरत नाही. ओझ्याला ताठपणा लागतो, खडकाला लवचीकपणा. एकाच पाट्याकडून दोन्ही मागितले की दोन्ही अर्धवट मिळतात. ओझे रोजचे नसेल तर वर ‘हेल्पर’ पाटा बसवणे बरे, कारण तो गाडी भरल्यावरच टेकतो.

जुन्या जीपा आणि मारुती जिप्सी (१९८५) यांत पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा आस) आणि पाटे असतात, म्हणून त्यांच्यावर काम करणे स्वस्त आणि समजायला सोपे. पाट्यांना पुन्हा वाक देणे, लांब शॅकल लावणे किंवा मुळात अ‍ॅक्सलखाली असलेले पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवणे, असे तीन मार्ग. शॅकल दोन इंच लांब केली तर उंची साधारण एकच इंच वाढते. शिवाय पुढचा अ‍ॅक्सल किंचित पुढे झुकतो, कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) घटतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ होत नाही. पाटे वर घेतले की गाडी एकदम चार-पाच इंच उचलली जाते आणि पाट्यांचा मूळ मऊपणाही टिकतो. मात्र एका कामातून चार कामे निघतात. स्टीअरिंगचा दांडा पाट्याला अडतो, प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, लवकर जातो, ब्रेकचे रबरी पाइप तोकडे पडतात आणि जोरात क्लच सोडला की पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे पिळतात. हे चारही हिशेबात धरणार नसाल तर पाटे होते तिथेच राहू द्यावेत.

२०१० च्या महिंद्रा थारमध्ये पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) होते. त्यांचा बोल्ट आवळला की अर्ध्या तासात पुढून गाडी उंच दिसते, म्हणून हा प्रकार फार चालला. यात नवीन काही मिळत नाही. वर जाण्याची जागा वाढते, तेवढीच खाली उतरण्याची घटते. चाक खड्ड्यात उतरू शकत नाही आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट तिरक्या कोनात घासून फाटतात. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र कॉइल स्प्रिंग आणि मागे अखंड अ‍ॅक्सलवर कॉइल आहेत. जमिनीपासून उंची २२६ मिमी, पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिमी. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीत दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, कॉइल आणि २१० मिमी उंची. गोव्यातल्या बहुतेक वाटांना ही मापे पुरतात. जिम्नी उचलली की आडवी पॅनहार्ड दांडी अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढते, त्यामुळे दांडी बदलावी लागते. कॅस्टर सुधारण्यासाठी रेडियस आर्मचे (अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांचे) बुशही बदलतात.

एक गोष्ट किट विकणारा सहसा सांगत नाही. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरन्शिअलचा गोळा, आणि स्प्रिंग कितीही उंच केली तरी तो तसूभरही वर येत नाही, कारण तो चाकांच्या बरोबरीने असतो. त्याला वर आणतो फक्त टायर. जिप्सीचा २०५/७० आर१५ टायर सुमारे ६६८ मिमी व्यासाचा, २१५/७५ आर१५ सुमारे ७०४ मिमीचा. फरक ३६ मिमी, म्हणजे त्याच्या निम्मा, १८ मिमीने गोळा वर आला. त्या बदल्यात स्पीडोमीटर मागे पडतो. काटा ६० वर असताना गाडी खरे तर ६३ ने धावत असते. ब्रेकवर आणि गिअरवर जास्त ताण येतो तो वेगळा. बॉडी आणि चॅसिसच्या मध्ये गुटके घालून केलेल्या ‘बॉडी लिफ्ट’मध्ये तर चॅसिस जागचे हलत नाही. मोठ्या टायरला जागा होते, इतकेच.

उंचीची किंमत वळणावर कळते. चाकांमधले अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य पाऊण मीटरवर असेल, तर अंतराच्या निम्म्याचे मध्याच्या उंचीशी गुणोत्तर १ येते. मध्य पाच सेंटीमीटर वर गेला की ते ०.९४ होते. हा आकडा जितका लहान तितकी गाडी उलटायला सोपी. चोर्ला किंवा अनमोड घाटात पावसात गाडी हाकणाऱ्याने हा आकडा डोक्यात ठेवावा.

काम चांगले झाले की नाही हे ओळखायला मोठी साधने लागत नाहीत. सुरुवातीला सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घेऊन लिहून ठेवावे. काम झाल्यावर पुढचे एक चाक जांभ्याच्या दोन-तीन चिऱ्यांवर चढवून उभे करावे आणि खाली वाकून बाकीची तीन चाके पाहावीत. लोंबणाऱ्या चाकाचा शॉकअप पूर्ण ताणून टांगलेला दिसला, तर शॉकअप आखूड आहे आणि तो लवकरच सील सोडेल. ब्रेकचा पाइप तारेसारखा ताठ दिसला, तर गाडी तशीच परत गॅरेजात न्यावी. दबलेल्या बाजूला टायर मडगार्डला लागण्याआधी बम्प स्टॉप (चाकाचे वर जाणे थांबवणारा रबरी ठोकळा) टेकला पाहिजे. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. ते गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळायचे. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू बोल्ट जुने वापरू नयेत. नवे लावून शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. ते सैल राहिले की पाट्यांच्या मधोमधचा सेंटर बोल्ट तुटतो, अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थानेच वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेले शॉकअप त्याच मापाचे बदलणे ही दुरुस्ती, चार इंचांची लिफ्ट हा बदल, हा फरक विम्याच्या दाव्यातही महत्त्वाचा ठरतो. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणे गोव्यात मुळातच बेकायदा आहे, मग सस्पेन्शन कोणतेही असो.

गोव्याच्या हवेत बदललेल्या सस्पेन्शनची निगा मूळ सस्पेन्शनपेक्षा जास्त राखावी लागते. पाट्यांच्या फटीत शिरलेली तांबडी माती सुकली की कानसेसारखी घासते. पावसाळा संपल्यावर पाटे खोलून तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीस लावले तर कुरकुर जाते आणि पाटे टिकतात. किनारपट्टीत खाऱ्या वाऱ्याने शॉकअपच्या दांड्यावर गंजाचे ठिपके पडतात आणि तेच ठिपके सील कापतात. व्हाळात डिफरन्शिअल बुडाले असेल तर त्याचा प्लग काढून थोडे तेल बोटावर घेऊन पाहावे. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेलेले आहे. गरम गोळा थंड पाण्यात एकदम निवतो आणि ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) पाणी आत ओढतो, म्हणून ब्रीदरला लांब नळी जोडून ती बोनेटखाली उंच बांधतात. हे काम दोनशे-तीनशे रुपयांच्या रबरी नळीत होते आणि व्हाळ ओलांडणाऱ्या गाडीवर लिफ्ट किटच्या आधी करायचे असते.