टॅव्हर रायफल

टॅव्हर : इस्रायली बनावटीची आटोपशीर असॉल्ट रायफल. उत्तर इस्रायलमधल्या ताबोर डोंगराच्या हिब्रू नावावरून हे नाव पडले. ‘टार-२१’ (टॅव्हर असॉल्ट रायफल) या मूळ नावातला आकडा एकविसाव्या शतकाचा असला, तरी आराखड्याचे काम १९९०च्या दशकाच्या आरंभीच इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीत सुरू झाले होते. या कंपनीचा हलक्या शस्त्रांचा विभाग २००५ मध्ये खासगी झाला. आजची इस्रायल वेपन इंडस्ट्रीज ही कंपनी म्हणजे हाच विभाग.

त्या काळी इस्रायली पायदळाकडची अमेरिकी एम-१६ रायफल जवळजवळ मीटरभर लांब, तर स्वदेशी गलील जड. चिलखती गाडीतून चढता-उतरताना किंवा घराच्या जिन्यावर वळताना लांब रायफल अडते. नळी आखूड करावी, तर गोळीचा वेग घटतो, आणि ५.५६ मिमीच्या हलक्या गोळीची सारी मदार वेगावरच. टॅव्हरच्या रचनाकारांनी म्हणून नळीला हात न लावता बुलपप रचना घेतली. तीत चेंबर (गोळी जिथून डागली जाते तो कप्पा) आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात जातात. ४६० मिमीची नळी असूनही टार-२१ ची एकूण लांबी ७२० मिमीच भरते. वजन सव्वातीन किलोच्या आसपास. एम-१६ चे ३० गोळ्यांचे मॅगझिन हिला चालते, त्यामुळे सैन्याचा जुना साठा वाया गेला नाही.

या सोयीची किंमतही आहे. चापापासून मागच्या यंत्रणेपर्यंत लांब जोडदांडा लागत असल्याने चाप जड लागतो. मॅगझिन काखेजवळ असल्याने ते बदलण्याची सवय नव्याने करावी लागते. रिकामी पुंगळी गालाजवळून उडते. डावखुऱ्या सैनिकासाठी ती दुसऱ्या बाजूने पडेल अशी व्यवस्था आहे, पण त्यासाठी बोल्ट (गोळी चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) बदलावा लागतो. हे काम ऐन चकमकीत होण्यासारखे नाही.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला एम-४ कार्बाइनशी (एम-१६ चा आखूड प्रकार) तुलनात्मक चाचण्या झाल्या. धूळ आणि वाळू आत शिरण्याच्या तक्रारींमुळे काही दुरुस्त्या कराव्या लागल्या. २००६ मध्ये इस्रायली पायदळाच्या गिवाती ब्रिगेडच्या नव्या सैनिकांना टॅव्हर मिळाली. पण सैन्याने तिलाच कायमचे निवडले नाही. ३३० मिमी नळीची, ६०० मिमीपेक्षाही कमी लांबीची मायक्रो टॅव्हर (पुढे एक्स-९५) पायदळाची भावी रायफल ठरेल, असा निर्णय २००९ मध्ये झाला. म्हणजे जी नळी वाचवण्यासाठी सारा खटाटोप केला, तीच अखेर कापली गेली! शहरी लढाईत अंतरे कमी असल्याने वेगातली घट सैन्याला परवडली असावी.

भारताने २००२ च्या अखेरीस विशेष दलांसाठी ३,०७० टॅव्हर रायफलींचा करार केला. सुरुवातीला आलेला माल समाधानकारक ठरला नाही. बदल आणि २००६ मधील फेरचाचण्यांनंतरच पुढचा पुरवठा मार्गी लागला. नौदलाचे मार्कोस कमांडोही ती वापरतात. युक्रेनमध्ये ‘फोर्ट’ या नावाने परवान्यावर टॅव्हरचे उत्पादन झाले. भारतातही ग्वाल्हेरजवळ मालनपूर येथे २०१७ मध्ये इस्रायली कंपनीच्या भागीदारीत कारखाना निघाला असून एक्स-९५ ही तिथल्या उत्पादनांपैकी एक आहे.