सिमेंटची मजबुती : पाणी व तापमान

सिमेंट घट्ट होते ते वाळून नव्हे. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट (सी-एस-एच) हे नवे द्रव्य तयार होते. काँक्रीटची मजबुती मुख्यतः याच द्रव्याची. त्याचे मूलकण अवघे ५ नॅनोमीटरच्या आसपास असतात. १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणून स्लॅब टिकणार की भेगाळणार, याचा बराचसा निकाल डोळ्यांना न दिसणाऱ्या मापावर लागतो.

सी-एस-एचची रचना टोबरमोराइट या खनिजासारखी थरांची आहे, पण खनिजाइतकी शिस्तीची नाही. २००९ साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेतील संशोधकांनी तिचे अणुपातळीवरचे प्रारूप मांडले. त्यात सिलिकेटच्या साखळ्या जागोजागी तुटलेल्या असून त्या रिकाम्या जागांत पाण्याचे रेणू शिरलेले दिसतात. म्हणजे पाणी इथे निव्वळ ओलावा नाही, ते बांधणीचाच भाग आहे. सी-एस-एचचे कण कुठे दाट रचले जातात, कुठे विरळ. अतिसूक्ष्म टोकाने दाबून पाहिल्यास विरळ भागाचा ताठरपणा सुमारे २० गिगापास्कल (ताठरपणा मोजायचे एकक), तर दाट भागाचा सुमारे ३० गिगापास्कल भरतो.

पाणी किती लागते, याचा हिशेब सिमेंट-संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी अमेरिकेत १९४० च्या दशकात मांडला. सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी संयोगात कायमचे बांधले जाते आणि १९ टक्क्यांच्या आसपास सी-एस-एचच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहते. ५० किलोच्या गोणीला हे मिळून सुमारे २१ लिटर झाले. त्याहून जास्तीचे पाणी संयोगात खपत नाही. ते जागा अडवून बसते आणि निघून गेले की पोकळ्या उरतात. या पोकळ्या सी-एस-एचच्या छिद्रांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात आणि मजबुती तिथेच घटते. माल सहज पसरावा म्हणून मिक्सरमध्ये आणखी एक बादली ओतणे ही साइटवरची सर्वांत महागडी सवय आहे. माल सैल हवाच असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) घालावा, पाणी नव्हे.

टाकून झालेल्या काँक्रीटचे गणित उलटे असते. आता पाणी जाऊ द्यायचे नाही. छिद्रांतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की संयोग जवळपास थांबतो, म्हणून आळी करून किंवा गोणपाट ओले ठेवून क्युरिंग करतात. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस सांगते. उष्ण-कोरड्या हवेत आणि फ्लायॲशसारखी (कोळशाची बारीक राख) भर असल्यास १०. गोव्यात पावसाळ्यात हवाच मदतीला येते. खरी काळजी मार्च ते मेच्या उन्हात आणि थंडीतल्या कोरड्या दुपारी घ्यावी लागते. चिऱ्याच्या बांधकामात आणखी एक धोका आहे. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र असतो. चिरा आधी भिजवून घेतला नाही तर तो सांध्यातल्या मालाचे पाणी ओढून घेतो आणि सिमेंटचा संयोग अर्धवट राहतो. चांगला मेस्त्री चिऱ्यावर पाणी मारल्याशिवाय माल लावत नाही.

एक गोष्ट मात्र चकित करणारी आहे. पाण्यात वाढवलेला ठोकळा वाळवून दाबला तर तो ओल्या ठोकळ्यापेक्षा जास्त भार घेतो. थरांमध्ये आणि कणांमध्ये शिरलेले पाणी त्यांना किंचित दूर लोटते आणि परस्परांतले आकर्षण सैल करते. तुलना सारखी राहावी म्हणून प्रयोगशाळेत ठोकळे ओलेच दाबतात. पण फार कोरडे करणेही चालत नाही: थरांतले पाणी निघाले की थर जवळ येतात, आकुंचन होते आणि बारीक तडे पडतात.

तापमानाने संयोगाचा वेग वाढतो, म्हणून उन्हाळ्यातला स्लॅब लवकर घट्ट होतो. त्यावर समाधान मानू नये. घाईने तयार झालेले सी-एस-एच सिमेंटच्या कणाभोवतीच दाट साचते, दूरवर पसरायला त्याला वेळ मिळत नाही आणि मधल्या पोकळ्या तशाच राहतात. सुरुवातीची मजबुती वाढते, पण पुढची घटते. उष्ण हवेतल्या कामासाठीच्या भारतीय मानक ७८६१ मध्ये ओततानाचे काँक्रीट ४० अंश सेल्सिअसच्या वर नसावे असे म्हटले आहे. पुलांच्या जाड पायांमध्ये संयोगाची उष्णता आतच कोंडते. तिथे ७० अंशांच्या पुढे एट्रिंगाइट (संयोगातच तयार होणारे एक स्फटिक) नीट तयार होत नाही, पुढे ओलाव्यात ते उशिरा वाढते आणि काँक्रीट आतून फुगते. आगीत ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान, संयोगातच तयार झालेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे विघटन होते. याउलट सिलिकाची भर घालून सुमारे १८० अंशांच्या दाबाखालच्या वाफेत शिजवले, तर खरे स्फटिकी टोबरमोराइट मिळते. बाजारातले एएसी ब्लॉक, म्हणजे भिंतीसाठीचे हलके सच्छिद्र ठोकळे, असेच बनतात.

गोव्यासारख्या किनाऱ्यावर या पोकळ्यांचा प्रश्न मजबुतीपुरता राहत नाही. खाऱ्या हवेतले क्लोराइड त्यांतूनच सळईपर्यंत पोचते आणि सळई गंजते. जुलै १९८६ मध्ये पणजीजवळचा मांडवीवरील पूल कोसळला, तो पूर्वताणित (आधीच ताणून बसवलेल्या पोलादी) तारा गंजल्यामुळे. किनारपट्टीवरील सळईच्या काँक्रीटसाठी मानक ४५६ किमान एम-३० दर्जा (२८ दिवसांनी ३० मेगापास्कल मजबुती) आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ ठरवते, म्हणजे गोणीमागे साडेबावीस लिटर. ओल्या वाळूतले पाणीही याच साडेबावीस लिटरांत धरायचे असते.