छळछावणीनंतरचे घर

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंना १९५० आणि ६०च्या दशकांत पश्चिम जर्मनीकडे नुकसानभरपाई मागताना एक विचित्र गोष्ट सिद्ध करावी लागे: आपली भयस्वप्ने, धास्ती आणि खचलेपण छळामुळेच आले आहे. निरोगी मन कोणताही आघात कालांतराने पचवते, ज्याला पचवता येत नाही त्याची मूळ प्रकृतीच कमकुवत, असे तेव्हाचे अनेक जर्मन मनोविकारतज्ज्ञ मानत. अशाच दावेदारांना तपासणारे विल्यम नीडरलँड यांनी ही समजूत नाकारली. ‘सगळे गेले, मग मीच का उरलो?’ ही अपराधी भावना त्यांना वारंवार आढळली होती.

इस्रायलमधील समाजशास्त्रज्ञ आरॉन अँटोनोव्स्की यांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रियांच्या पाहणीत छावणीतून आलेल्यांपैकी २९ टक्के, तर इतरांपैकी ५१ टक्के स्त्रियांचे मानसिक आरोग्य बऱ्यापैकी चांगले आढळले. एवढा फरक अपेक्षितच होता. पण ते सारे भोगूनही या २९ टक्के सावरल्या कशा, या प्रश्नाने त्यांच्या संशोधनाची दिशा बदलली. जगणे समजण्याजोगे, पेलण्याजोगे आणि अर्थपूर्ण वाटणे, हे त्यांना सापडलेले उत्तर.

मुलांचे काय? अनेकांना मारल्या गेलेल्या आजी-आजोबांची नावे मिळाली, पावाचा तुकडाही टाकायचा नाही ही शिस्त मिळाली, पण त्यामागची हकिकत मात्र कित्येक घरांत कुणी सांगितली नाही. रेचल येहुदा यांच्या गटाने ३२ वाचलेल्या व्यक्ती आणि त्यांची २२ प्रौढ मुले यांच्या रक्तातील एका तणावसंबंधित जनुकावरच्या रासायनिक खुणा तपासल्या. तुलनेच्या गटापेक्षा त्या पालकांत अधिक आणि मुलांत कमी आढळल्या, आणि आघात जनुकांतून उतरतो असे मथळे झळकले. मला ते मथळे घाईचे वाटतात. इतक्या लहान गटात, शिवाय मुले त्याच घरात वाढलेली असताना, रक्ताचा वारसा कोणता आणि सहवासाचा कोणता हे वेगळे काढता येत नाही. उलट २००३ साली मारिनस व्हान आयझेंडोर्न आणि सहकाऱ्यांनी ३२ नमुन्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा उपचारांसाठी न आलेल्या सर्वसाधारण कुटुंबांतील मुलांत असा आघात उतरल्याचा पुरावा मिळाला नाही.

इस्रायलमध्ये १९८७ साली स्थापन झालेली ‘अम्खा’ ही संस्था मानसोपचारांबरोबर वाचलेल्यांना एकत्र येण्याची जागाही देते. ‘तुझे लोक’ या अर्थाचा हा हिब्रू शब्द युद्धानंतरच्या युरोपात अनोळखी ज्यू एकमेकांना ओळखण्यासाठी वापरत.

आता उरलेल्यांपुढे वार्धक्य आहे. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या वर येतात. मग छावणीतली भीती जागी व्हायला गणवेश, कुत्र्याचे भुंकणे किंवा न्हाणीघरातला शॉवर पुरतो. म्हणून अशा वृद्धांची सवय असलेल्या परिचारिका पाणी सोडण्याआधी पुढे काय होणार ते सांगतात, आणि तरीही भीती दिसलीच तर ओल्या कापडाने अंग पुसून देतात.