अमेरिकेतील आरोग्यविमा नसलेले लोक आणि आरोग्यसेवा सुधारणा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्यांच्याकडे नोकरीतून मिळालेला, सरकारने दिलेला किंवा स्वतः विकत घेतलेला कोणताच आरोग्यविमा नाही, त्यांची गणना 'विमाविहीन' म्हणून होते. २०२३ मध्ये असे सुमारे २.६ कोटी लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण ८ टक्के. २०१० मध्ये हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होते. दुसरीकडे, आरोग्यावर या देशाइतका पैसा जगात कोणीच खर्च करत नाही. २०२३ चा खर्च होता ४.९ लाख कोटी डॉलर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १७.६ टक्के. पैसा आहे, डॉक्टर आहेत, रुग्णालये आहेत, आणि तरीही कोट्यवधी माणसे दारात उभी राहतात. हा प्रश्न म्हणूनच केवळ गरिबीचा ठरत नाही.

मराठी वाचकाने एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यावा. महाराष्ट्रात विमा नसलेला माणूस केसपेपर काढून जिल्हा रुग्णालयात, ससूनला किंवा केईएमला जाऊ शकतो. रांग मोठी असते, काही औषधे बाहेरून आणावी लागतात, पण दार उघडे असते. अमेरिकेत काही शहरांत आणि काउंट्यांत सार्वजनिक रुग्णालये आहेत, मिळकतीप्रमाणे फी घेणारी सामुदायिक आरोग्यकेंद्रेही आहेत, पण देशभर पसरलेली सरकारी रुग्णालयांची व्यवस्था नाही. त्यामुळे तिथे विमा ही अडीअडचणीची तरतूद राहत नाही, उपचारापर्यंत पोहोचण्याचा तोच मुख्य रस्ता असतो.

विमा नोकरीला कसा बांधला गेला

१९२९ मध्ये टेक्सासमधील डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाने शाळाशिक्षकांसाठी एक योजना काढली. शिक्षकाने महिन्याला ५० सेंट भरायचे आणि गरज पडल्यास वर्षात २१ दिवस रुग्णालयात उपचार घ्यायचे. पुढे देशभर पसरलेल्या 'ब्लू क्रॉस' योजनांचे मूळ इथे आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीवर निर्बंध आणले. कामगार तर हवे होते, पण जास्त पगार देता येत नव्हता. विम्यासारख्या सवलती मात्र या निर्बंधातून सुटल्या, म्हणून कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या विम्याच्या रकमेवर कामगाराला कर लागणार नाही, हे पक्के केले. आजारपणाचा खर्च नोकरीवर अवलंबून असावा असे कोणी विचारपूर्वक ठरवलेले नव्हते. युद्धकाळातली एक पळवाट कायमची व्यवस्था होऊन बसली, आणि नंतरच्या प्रत्येक सुधारकाला तिच्याशी झगडावे लागले.

या व्यवस्थेचा सगळ्यात कठोर क्षण नोकरी जाण्याचा. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ डॉलर कामगाराच्या पगारातून जात, उरलेले मालक भरत असे. १९८५ च्या 'कोब्रा' कायद्यानुसार नोकरी गेल्यावरही सहसा १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण मग पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के शुल्क स्वतः भरावे लागते. पगार थांबतो त्याच महिन्यात हप्ता चौपट होतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी कुटुंबांना हे हिशेब नीट ठाऊक असतात. नोकरी सुटल्यावर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्यात घरच्यांच्या औषधपाण्याची काळजी वेगळीच. मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांचाही असाच पेच असतो. वयाची पासष्टी उलटलेली असली तरी व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी विमा, मिळत नाही. प्रवाशांसाठीचा जो विमा घेतात, त्यातून आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात किंवा त्यांना फार तुटपुंजे संरक्षण असते. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतरही, अमेरिकेत पुरेशी वर्षे काम केलेले नसेल तर मेडिकेअर विकत घेण्याआधी पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते.

वृद्धांसाठी मेडिकेअर, गरिबांसाठी मेडिकेड

सर्वांसाठी राष्ट्रीय विमा ही कल्पना थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने १९१२ च्या निवडणुकीतच मांडली होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून आरोग्यविमा बाहेर ठेवला. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९४५ मध्ये तो संसदेपुढे मांडला, तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने त्याला 'समाजवादी वैद्यक' ठरवून मोठी प्रचारमोहीम चालवली. शीतयुद्धाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत हा शिक्का प्रस्ताव मारायला पुरेसा होता.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी, म्हाताऱ्या ट्रूमन यांच्या शेजारी बसून मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअरचे पहिले कार्ड ट्रूमन यांनाच देण्यात आले. मेडिकेअर ६५ वर्षांवरील लोकांसाठी, केंद्र सरकारची. मेडिकेड गरिबांसाठी, केंद्र आणि राज्य मिळून चालवणारी. म्हातारपणी विमा नसणे त्यानंतर जवळपास संपले. पण मेडिकेड राज्यांच्या हाती राहिली, आणि केवळ गरीब असणे पुरेसे नव्हते. मुले, गर्भवती स्त्रिया, अपंग किंवा लहान मुलांचे पालक अशा ठरावीक गटात माणूस बसला पाहिजे, अशी अट होती. धडधाकट पण अत्यल्प कमाईच्या प्रौढाचा विचारच झाला नव्हता. पुढे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सर्वव्यापी योजना १९९४ मध्ये कोसळली. १९९७ मध्ये मुलांसाठी 'चिप' ही योजना तेवढी आली.

विमा नसला की काय होते

विमाविहीन म्हणजे बेरोजगार, ही समजूत चुकीची आहे. त्यांच्यातल्या तीन-चतुर्थांशाच्या जवळपास लोकांच्या घरी निदान एक माणूस पूर्णवेळ काम करणारा असतो. हॉटेलात, बांधकामावर, शेतात, छोट्या दुकानात. पन्नासपेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या मालकावर विमा देण्याचे बंधन नाही.

१९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागात आलेल्या कोणालाही तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. 'अमेरिकेत कोणी उपचाराविना मरत नाही' हा दावा याच कायद्याच्या आधारे केला जातो. पण कायदा तिथेच थांबतो. मधुमेहाने बेशुद्ध पडलेल्याला शुद्धीवर आणले जाते, इन्सुलिन रोज मिळेल याची हमी कोणी देत नाही. छातीतली गाठ तपासायला, तिच्यावर महिनोन्महिने औषध चालवायला इमर्जन्सीचे दार उपयोगाचे नाही. आणि तिथल्या उपचाराचे बिल येतेच. विमा कंपन्या रुग्णालयाशी घासाघीस करून दर उतरवून घेतात. विमा नसलेल्याला बहुतेकदा छापील यादीतला पूर्ण दर लागतो. धर्मादाय सवलत असते, पण ती मागावी लागते आणि अनेकांना तिची माहितीच नसते. अशा रीतीने ज्याची ऐपत सर्वात कमी, त्याच्या माथी सर्वात मोठा दर बसू शकतो, आणि हा अन्याय इतका रुळला आहे की तो कित्येकांना दिसतही नाही.

विम्याने प्रत्यक्ष फरक किती पडतो, हे तपासण्याची एक विरळा संधी २००८ मध्ये ओरेगन राज्यात आली. तिथे मेडिकेडमध्ये सुमारे १०,००० जागा होत्या आणि इच्छुक जवळपास ९०,०००. राज्याने सोडत काढली. चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले हे दोन गट संशोधकांना आयते मिळाले. दोन वर्षांनंतर विमा मिळालेल्यांत नैराश्य कमी होते, डॉक्टरकडे जाणे वाढले होते, आजारपणाच्या प्रचंड खर्चाखाली दबणे जवळजवळ संपले होते. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत मात्र ठळक सुधारणा आढळली नाही. मेडिकेड वाढवण्याचे विरोधक हाच शेवटचा निष्कर्ष उचलतात, समर्थक आधीचे. माणसांना उपचारासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, हे दोघांनीही मान्य केलेच पाहिजे.

२०१० चा कायदा आणि त्यातली फट

बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी 'अफोर्डेबल केअर ॲक्ट'वर सही केली. 'ओबामाकेअर' हे त्याचे रूढ नाव. त्याच्या चार वर्षे आधी मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉमनी यांनी असाच कायदा आणला होता. आधीपासूनचा आजार आहे म्हणून विमा नाकारण्यास बंदी, २६ वर्षांपर्यंत आई-वडिलांच्या पॉलिसीवर राहण्याची मुभा, विमा घेणे सर्वांना बंधनकारक, मध्यम मिळकतीच्या लोकांना हप्त्यासाठी अनुदान, आणि दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत कमाई असलेल्या प्रत्येक प्रौढाला मेडिकेड, असा त्याचा आराखडा होता.

२८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमासक्ती ५ विरुद्ध ४ मतांनी टिकवली, पण मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. त्यातून एक विचित्र फट तयार झाली. सर्वात गरिबांना मेडिकेड मिळणारच, असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते, म्हणून हप्त्याचे अनुदान दारिद्र्यरेषेपासून वर सुरू होते. ज्या राज्यांनी विस्तार नाकारला, त्यांपैकी बहुतेकांत दारिद्र्यरेषेखालच्या अनेक प्रौढांना मेडिकेड नाही आणि अनुदानही नाही. २०२५ मध्ये एकट्या माणसासाठी ही रेषा वर्षाला १५,६५० डॉलर होती. १६,००० कमावणाऱ्याला मदत मिळते, १२,००० कमावणाऱ्याला काहीच नाही. टेक्सासमध्ये मूलबाळ नसलेला, अपंग नसलेला प्रौढ कितीही गरीब असला तरी मेडिकेडला पात्र ठरत नाही. या फटीत सुमारे १४ लाख लोक आहेत. विस्तार न केलेल्या दहा राज्यांत टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया ही मोठी राज्ये येतात. विमाविहीनांचे प्रमाण टेक्सासमध्ये देशात सर्वाधिक आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये सर्वात कमी.

कायदा मोडीत काढण्याचा मोठा प्रयत्न २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला. मेंदूच्या कर्करोगाचे नुकतेच निदान झालेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांचे मत त्यात निर्णायक ठरले. त्याच वर्षअखेर विमा न घेण्याचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला गेला. कायदा उरला, सक्तीचा दात गेला.

सुधारणेच्या वाटा

कोविडच्या काळात मेडिकेडमधून कोणाला काढायचे नाही, असा नियम होता आणि २०२१ पासून हप्त्याचे अनुदानही वाढवले गेले. विमाविहीनांचे प्रमाण तेव्हा इतिहासात सर्वात कमी झाले. यातून एवढे सिद्ध झाले की पैसा आणि इच्छा असली की आकडा खाली येतो. पण मेडिकेडचे ते संरक्षण मार्च २०२३ अखेर संपले, नंतरच्या फेरतपासणीत अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे कमी झाली, त्यातली बरीचशी निव्वळ कागदपत्रांअभावी. वाढीव अनुदानाची मुदत २०२५ अखेर संपली. याच अनुदानावरून १ ऑक्टोबर २०२५ पासून केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद पडले होते.

४ जुलै २०२५ च्या कायद्याने वारे उलट्या दिशेने वाहू लागले. विस्तारातून मेडिकेड मिळालेल्या प्रौढांना २०२७ च्या सुरुवातीपर्यंत महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा देणे बंधनकारक होणार आहे. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमाविहीनांत सुमारे एक कोटींची भर पडेल. आर्कान्सा राज्याने अशी अट २०१८ मध्ये लावून पाहिली होती. काही महिन्यांत १८,००० हून अधिक लोकांचा विमा गेला. त्यांच्यापैकी अनेक जण काम करत होते, पण ते कळवण्याची पद्धत त्यांना समजली किंवा जमली नव्हती. न्यायालयाने २०१९ मध्ये ती अट थांबवली.

सरकारच सर्वांचा विमा उतरवील, ही सिनेटर बर्नी सँडर्स यांची 'सर्वांसाठी मेडिकेअर' योजना चर्चेत राहिली, तरी सिनेटमध्ये तिला बहुमत दिसत नाही. सँडर्स यांच्याच व्हर्मॉंट राज्याने असा कायदा २०११ मध्ये केला आणि लागणारे कर परवडेनात म्हणून २०१४ मध्ये सोडून दिला. त्यापेक्षा खरी हालचाल मतपेटीतून झाली. २०१७ मध्ये मेन राज्यात नागरिकांनी सह्या गोळा करून मेडिकेड विस्तार थेट मतदानाला टाकला आणि तो संमत झाला. पाठोपाठ आयडाहो, नेब्रास्का, यूटा, ओक्लाहोमा, मिसूरी आणि साउथ डकोटा येथेही तसेच घडले. ही सहाही रिपब्लिकन वर्चस्वाची राज्ये होती आणि विधिमंडळांनी नाकारलेले मतदारांनी स्वीकारले. उरलेल्या दहा राज्यांपैकी टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी, साउथ कॅरोलायना, कॅन्सस आणि विस्कॉन्सिन येथे मात्र नागरिकांना असा प्रस्ताव मतदानाला टाकण्याचा अधिकारच नाही.