निंबरगी, उमदी, इंचगेरी: जाणिवेच्या शोधाची पार्श्वभूमी

चैतन्य म्हणजे काय, हा प्रश्न बेळगाव-विजापूरच्या पट्ट्यात पंडितांपुरता कधीच राहिला नाही. बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांनी (१८५५–१९०५) तो मराठी पदांतून गायला. पण त्याचा सगळ्यात खोल विचार झाला तो इंचगेरी संप्रदायात, असं मला मनापासून वाटतं.

या परंपरेचे मूळ पुरुष निंबरगी महाराज (१७८९–१८७५) लिंगायत, बोलणं कन्नड. त्यांचे शिष्य भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) उमदीचे ब्राह्मण. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत इंचगेरी, जिथे त्यांचा मठ आहे, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली; उमदी आज महाराष्ट्रात आहे. भक्तांची ये-जा चालूच आहे, आणि दासबोध कन्नड घरांतही वाचला जातो.

भाऊसाहेबांचा नेम कडक होता. ठरल्या वेळी आसनावर बसायचं, श्वासाबरोबर नाम चालवायचं, मन इकडेतिकडे गेलं की पुन्हा नामावर आणायचं; तासन्‌तास. जमखंडीच्या रा. द. रानड्यांना १९०१ मध्ये, शाळकरी वयात, त्यांचाच अनुग्रह मिळाला. पुढे अलाहाबादला तत्त्वज्ञान शिकवताना रानड्यांनी ध्यानातले नाद आणि प्रकाश यांचे अनुभव उपनिषदांच्या आणि संतवाणीच्या शेजारी ठेवून तपासले. साक्षात्काराला त्यांनी पुराव्याचा दर्जा दिला, हे फार मोठं काम आहे.

भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांनी मात्र गुरूंच्या पश्चात वेगळी वाट धरली. ध्यान ही मुंगीची चाल, पिपीलिका मार्ग. विचाराने पक्ष्यासारखी थेट झेप घेता येते, तो विहंगम मार्ग. गुरुबंधूंना हे आधी पटलं नाही. सिद्धरामेश्वरांची मांडणी अशी: स्थूल देह मी नाही, मन-बुद्धीचा सूक्ष्म देह मी नाही, गाढ विस्मृतीचा कारण देहही नाही. उरतो महाकारण, म्हणजे ‘मी आहे’ ही नुसती जाणीव. बहुतेक साधक इथेच मुक्काम करतात. सिद्धरामेश्वर ही जाणीवसुद्धा सोडायला सांगतात, कारण ती उगवते आणि मावळते. परब्रह्म तिच्याही आधीचं. ज्ञानदेवांनी अमृतानुभवात अज्ञानाबरोबर ज्ञानालाही बाजूला सारलं होतं, त्याचीच ही पुढची कडी.

मुंबईत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) सिद्धरामेश्वरांचे शिष्य. परदेशी जिज्ञासूंनाही ते हेच मराठीतून सांगत, दुभाष्यामार्फत. त्यांची इंग्रजीत उतरवलेली संभाषणं १९७३ मध्ये छापून आली, आणि इंचगेरीचा विचार जगभर वाचला जाऊ लागला.