जोंधळ्यातले ‘तांदळाचे’ किडे

उन्हाळ्यात वर्षाची ज्वारी गच्चीवर पसरली की सोलापूरचं ऊन तासाभरात आपलं काम करतं. ढिगातून बारके तपकिरी किडे निघतात आणि सावली शोधत कठड्याकडे पळत सुटतात. परवा शेजारच्या काकूंनी ते पाहून निदान केलं, “तांदळातले टोके जोंधळ्यात चढलेत बघा.”

निम्मं खरं आहे. टोके तांदळातून आले असतीलही, पण ते ‘तांदळाचे’ नाहीत. तांदूळ, ज्वारी, गहू, मका, त्यांना सगळंच चालतं. प्रत्येक धान्याचा किडा वेगळा ही समजूत पसरायला त्यांची नावंच कारणीभूत आहेत.

टोक्यांच्या प्रजातीचं नाव सायटोफिलस, म्हणजे धान्यप्रेमी. वर्तमानपत्रांत प्रजाती आणि जाती हे शब्द वाटेल तसे वापरले जातात, म्हणून सांगतो: वांगं आणि बटाटा या एकाच प्रजातीतल्या दोन जाती. सायटोफिलसमधल्या तीन जाती जगभरच्या कोठारांत कुप्रसिद्ध आहेत. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ मध्ये वर्णन केलेली ग्रॅनेरियस ही थंड प्रदेशातली. तिच्या पाठीवर डाग नाहीत आणि तिला उडताही येत नाही. त्यानंच १७६३ मध्ये नोंदवलेली ओरायझी म्हणजे ‘तांदळाची’ आणि १८५५ मध्ये मोट्शुल्स्कीनं नाव दिलेली झियामेस म्हणजे ‘मक्याची’. या शेवटच्या दोघी उडतात आणि दोघींच्या पाठीवर चार नारिंगी डाग असतात. खरा घोळ त्यांच्यातच आहे.

ओरायझी लहान, झियामेस मोठी, मग अडचण काय? अडचण अशी की टोक्याची मादी सोंडेनं दाणा कोरते, त्यात एक अंडं घालते आणि भोक चिकट बुचानं बंद करते. अळी त्या दाण्यातच खाते, तिथेच कोश करते आणि पूर्ण वाढलेला किडा होऊनच बाहेर पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात किडे ‘आपोआप’ होतात ते असे. पण एकच दाणा हा जन्माचा शिधा असल्यामुळे दाणा लहान तर किडाही लहान. ज्वारीतला टोका मक्यातल्या सख्ख्या भावापेक्षा बारका निघतो. म्हणजे मापावर भरवसा ठेवता येत नाही.

जपानमध्ये १९२८ साली ताकाहाशींनी लहान किड्याला वेगळी जात मानून सासाकी हे नाव दिलं आणि ओरायझी हे नाव मोठ्याकडे राहिलं. पुढे उलगडा झाला की लिनियसची ओरायझी मुळात लहानच होती. १९६१ मध्ये कुशेल यांनी नावांचा गुंता सोडवला: लहान ती ओरायझी, मोठी ती झियामेस, सासाकी बाद. त्यामुळे त्याआधीच्या लेखात ‘ओरायझी’ दिसलं की हा कुठला किडा, असं विचारावंच लागतं.

मग ओळखायचं कशावरून? इथे मला राहवत नाही. नराचं पोट उघडायचं, आतलं लिंग अलगद बाहेर काढायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये स्वच्छ करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली वरची बाजू पाहायची. ओरायझीची गुळगुळीत, चकचकीत, एकसारखी फुगीर. झियामेसच्या पाठीवर मात्र दोन लांबट खाचा, गाडीवाटेवरच्या चाकोऱ्यांसारख्या. मादीच्या पोटात इंग्रजी वाय अक्षरासारखी कडक पट्टी असते. ओरायझीत तिच्या फांद्यांची टोकं गोलसर, झियामेसमध्ये निमुळती. डाग फिके पडतात, माप दाण्यावर ठरतं, पण हे अवयव फसवत नाहीत. पुढे डीएनए तपासणीनंही हीच विभागणी उचलून धरली.

अमावास्येला भरलेलं धान्य किडत नाही म्हणणारे आपल्याकडे भेटतात. टोक्याला तिथी कळत नाही, दाण्यातली ओल कळते. धान्य कडकडीत वाळलं की त्याची वीण मंदावते. ‘कीड लागली म्हणजे अस्सल सेंद्रिय’ ही नवी जाहिरातही तशीच. शेतात कितीही फवारणी झालेली असो, कोठीत ओल राहिली तर टोका येणारच. जुन्या पेवांत तो गुदमरायचा, कारण बंद पेवात दाणे आणि किडे मिळून प्राणवायू संपवत. त्यात तिथीचा संबंध नव्हता.

या प्रजातीतले सगळेच काही धान्यावर जगत नाहीत. काही ओकच्या फळांत वाढतात, एक साल वृक्षाच्या बियांत. आणि लिनिॲरिस नावाची जात चिंचोक्यात. काकूंना हे सांगितल्यावर त्या आत गेल्या आणि नातवंडांच्या सारीपाटासाठी ठेवलेली चिंचोक्यांची पिशवी घेऊन आल्या. उलटी केली. तळाशी तांबूस भुकटी होती, चार चिंचोक्यांना गोल भोकं पडली होती आणि एक टोका सोंड वर करून उभा होता. मी भिंग आणायला पळालो, तोवर काकूंनी पिशवी रस्त्यावर झटकली होती.